अहवाल, रद्दी आणि वाचकाचे उत्तरदायित्व

१

ग्रंथसंग्रहाचा विचार बहुधा साहित्यकृतींच्या अनुषंगाने होतो. दुर्मिळ पहिली आवृत्ती, लेखकाच्या स्वाक्षरीची प्रत, नियतकालिकांचे जुने अंक यांचा संग्रह करणाऱ्याचे प्रयोजन समजून घ्यायला फारसे सायास पडत नाहीत. लेखकाविषयीचा आदर आणि कृतीविषयीचे प्रेम ही दोन्ही तेथे गृहीत असतात. परंतु ज्यांना रूढ अर्थाने लेखक नसतो, जे कोणाच्या आनंदासाठी लिहिलेले नसतात आणि ज्यांचे उपयुक्त आयुष्य पुढच्या अर्थसंकल्पाबरोबर संपावे अशीच ज्यांची घडण असते, अशा ग्रंथांच्या संग्रहाचे काय? अमेरिकेत अवकाश, विज्ञान आणि संरक्षण या विषयांवरील सरकारी अहवाल व पुस्तके जुन्या बाजारातून जमविणारा एक वर्ग आहे. 'नासा'ची 'एस.पी.' ही अक्षरे आणि क्रमांक कण्यावर वागविणारी प्रकाशने, अणुऊर्जा आयोगाचे तांत्रिक ग्रंथ, 'रँड'सारख्या संस्थांचे अभ्यास, अपघातांची चौकशी करणाऱ्या आयोगांचे अनेकखंडी अहवाल ही या संग्रहाची सामग्री होय.

हा बाजार कसा निर्माण झाला हे पाहणे आवश्यक आहे, कारण नैतिक प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. अमेरिकी सरकारचे मुद्रणालय १८६१ मध्ये सुरू झाले आणि त्याची प्रकाशने देशभरातील ठरावीक ग्रंथालयांत नागरिकांसाठी ठेवण्याची व्यवस्था हळूहळू रूढ झाली. १९६२ च्या कायद्याने या व्यवस्थेला विस्तृत रूप दिले. काही प्रादेशिक ग्रंथालयांनी ही प्रकाशने कायम सांभाळावीत, इतरांनी पाच वर्षांनंतर परवानगी घेऊन ती काढून टाकावीत, अशी ही योजना होती. १९९१ मध्ये शीतयुद्ध संपल्यावर लष्करी तळ कमी झाले, विमाने व अग्निबाण बांधणाऱ्या कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, आणि त्यांच्या ग्रंथालयांतील पुस्तकेही बाहेर पडली. त्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या लेखनावर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. म्हणून ही पुस्तके विपुल छापली गेली, स्वस्त विकली गेली आणि तितक्याच सहजतेने टाकून दिली गेली.

अशा टाकून दिलेल्या ग्रंथांची आस्था बाळगणे ही वरवर पाहता निरुपद्रवी हौस आहे. तथापि या ग्रंथांचा विषय निरुपद्रवी नाही. त्यांपैकी अनेकांत माणसे कशी मारली जातात, किती अंतरावर मरतात, कोणाच्या चुकीने मेली, याचाच हिशेब आहे. असा हिशेब 'संग्राह्य वस्तू' म्हणून जवळ बाळगणे नैतिकदृष्ट्या तटस्थ असू शकते काय, हा येथील प्रश्न आहे.

मराठीतील दोन शब्दांनी या प्रश्नाची कड दाखविली आहे. 'अहवाल' हा मूळ अरबी शब्द 'हाल' या शब्दाचे अनेकवचन आहे. 'हाल' म्हणजे स्थिती. मराठीने मात्र 'हाल' या शब्दाला यातनेचा अर्थ दिला. 'हाल होणे' म्हणजे नुसती स्थिती असणे नव्हे. 'रद्दी' आणि 'रद्द' हे दोन्ही शब्दही नाकारण्याचा अर्थ असलेल्या एकाच अरबी धातूतून आले आहेत. व्युत्पत्तीवरून नीतिनिर्णय करता येत नाही हे खरे. परंतु जे 'हालां'चे अनेकवचन आहे ते रद्द होऊन रद्दीत येते आणि तेथून कोणीतरी ते उचलून घरी नेतो, या क्रियेत नेमके काय घडते हे विचारण्याची दिशा त्यातून मिळते.

२

अहवाल ही संहिता म्हणून कशी असते? मिशेल फूको यांनी १९६९ मधील लेखकविषयक व्याख्यानात असे दाखविले की प्रत्येक संहितेला 'लेखक' नसतो. खासगी पत्राला स्वाक्षरी करणारा असतो, कराराला हमी देणारा असतो. परंतु लेखक हे कार्य काही विशिष्ट संहितांपुरतेच असते. अहवाल या दृष्टीने विचित्र आहे. त्याला समिती असते, अध्यक्ष असतो, सचिव असतो, सदस्यांच्या सह्या असतात. आणि तरीही वाक्यावाक्यातून कर्ता निसटत असतो.

या निसटण्याचे व्याकरण मराठी वाचकाला वेगळे शिकवावे लागत नाही. मराठीच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, पण कर्ता नाहीसा होत नाही. 'रामाने रावण मारला' या वाक्यात 'मारला' हे रूप रावणाशी जुळते, तरी मारणारा राम जागेवर उभाच असतो. कार्यालयीन मराठीने मात्र 'निर्णय घेण्यात आला', 'कळविण्यात येते की', 'दुर्लक्ष करण्यात आले' अशी जी रचना सर्वत्र रूढ केली, तिच्यात कर्त्याला बसायला आसनच उरत नाही. तो हवाच असेल तर 'शासनातर्फे', 'समितीकडून' असा बाहेरून आणावा लागतो, आणि बहुधा आणला जात नाही. इंग्रजी अहवालांची भाषा हेच काम स्वतःच्या कर्मवाच्याने आणि भाववाचक नामांच्या साखळीने करते. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मधील राजकारण आणि इंग्रजी भाषा या विषयावरील निबंधात या प्रवृत्तीचे राजकीय कार्य स्पष्ट केले होते. असमर्थनीय गोष्टींचे समर्थन करायचे तर त्या डोळ्यांसमोर उभ्या राहणार नाहीत अशीच भाषा लागते, हा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

एवढ्यावर थांबले तर अहवाल म्हणजे केवळ लपवाछपवीचे साहित्य ठरेल, आणि ते अन्यायाचे होईल. अहवालाच्या निःकर्तृक भाषेला दुसरीही बाजू आहे. व्यक्तीपेक्षा पद मोठे, मतापेक्षा पुरावा मोठा, ही प्रशासनाची आणि विज्ञानाचीही मूल्ये तिच्यात आहेत. कोणी मोजले यापेक्षा काय मोजले गेले याला महत्त्व देणारी भाषा प्रामाणिकही असू शकते. प्रश्न एवढाच की मोजमापाची भाषा आणि निर्णयाची भाषा एकच झाली, तर निर्णयही मोजमापासारखाच आपोआप झाल्याचा भास निर्माण होतो.

जुन्या बाजारातील प्रतीला या ठिकाणी अनपेक्षित महत्त्व येते. जेरार जनेत यांनी १९८७ मध्ये संहितेच्या सभोवतालच्या मजकुराचा — शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ यांचा — सविस्तर विचार मांडला. त्यांच्या विवेचनात हा परिसर लेखक आणि प्रकाशक यांनी घडविलेला असतो. सरकारी अहवालाच्या वापरलेल्या प्रतीवर मात्र निराळाच परिसर साचलेला असतो. गोपनीयतेचा शिक्का, त्याच्यावर मारलेली काट, ग्रंथालयाचा दाखल क्रमांक, पुस्तक काढून टाकल्याची नोंद, समासात कोणा अभियंत्याने पेन्सिलीने केलेली दुरुस्ती. संहितेने ज्या माणसांना वाक्यरचनेतून बाहेर ठेवले, ती येथे समासातून आत येतात. छापील संहिता कर्ताहीन आहे. तिची ही विशिष्ट प्रत तशी नाही.

३

प्रतीप्रतींतील फरक हा काही केवळ ग्रंथप्रेमींच्या कौतुकाचा विषय नाही, हे स्मिथ अहवालाच्या इतिहासावरून सिद्ध होते. प्रिन्स्टन विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक हेन्री डिवुल्फ स्मिथ यांनी लिहिलेला अणुबॉम्बच्या निर्मितीचा हा अधिकृत वृत्तांत १२ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे नागासाकीनंतर अवघ्या तीन दिवसांनी, वृत्तपत्रांसाठी खुला झाला. सैन्याने घाईने छापून घेतलेल्या प्रतींवर 'ॲटॉमिक बॉम्ब्ज' हे शीर्षक रबरी शिक्क्याने उमटवायचे होते. बहुतेक प्रतींवर ते उमटलेच नाही. परिणामी ग्रंथ उपशीर्षकाने आणि पुढे लेखकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. लेखक नसणे हेच ज्या वाङ्मयप्रकाराचे लक्षण, त्यातील सर्वांत गाजलेली कृती लेखकाच्या नावाने प्रसिद्ध व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

सप्टेंबर १९४५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ प्रकाशनाने त्याची ग्रंथरूप आवृत्ती काढली. सैन्याच्या प्रतीत एक वाक्य होते. अणुविखंडनातून निर्माण होणाऱ्या द्रव्यांमुळे हॅनफर्ड येथील अणुभट्ट्यांची साखळी प्रक्रिया जवळजवळ बंद पडण्याचा अनपेक्षित प्रसंग आला होता, असा त्याचा आशय. प्रिन्स्टनच्या आवृत्तीतून ते वाक्य गेले. १९४६ मध्ये निघालेल्या रशियन भाषांतरात मात्र ते होते. याचा अर्थ, भाषांतरकारांनी दोन्ही पाठ समोर ठेवून वाचले होते आणि जे वगळले तेच महत्त्वाचे हे त्यांनी ओळखले होते. पाठभेदांची चिकित्सा ही संतकाव्याच्या किंवा महाभारताच्या संपादकाची विद्या मानली जाते; तीच येथे अण्वस्त्रस्पर्धेच्या उंबरठ्यावर वापरली गेली. सरकारी अहवालाची 'जुनी' आवृत्ती 'नव्या' आवृत्तीने निरुपयोगी होत नाही. दोहोंमधील अंतर हीच एक माहिती असते, आणि जुनी प्रत कोणीतरी ठेवली असेल तरच ती मिळते.

स्मिथ अहवालाला आणखी एका कारणाने या चर्चेत मध्यवर्ती स्थान आहे. त्याने आपला वाचक निश्चित केला होता. राष्ट्राच्या धोरणाची अंतिम जबाबदारी नागरिकांची आहे, आणि त्यांना माहिती असेल तरच ती जबाबदारी ते शहाणपणाने पार पाडू शकतील, अशी भूमिका स्मिथ यांनी प्रस्तावनेत घेतली. विज्ञान जाणणाऱ्यांनी हा वृत्तांत समजून घ्यावा आणि आपल्या देशबांधवांना समजावून द्यावा, अशी त्यांची अपेक्षा होती. ग्रंथाच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. परंतु या नागरिकाला काय मिळाले? पदार्थविज्ञान भरपूर मिळाले, कारण त्याचा बराच भाग आधीच ज्ञात होता. रसायन आणि धातुशास्त्र कमी मिळाले, कारण ते लष्करी गुपित होते. आणि बॉम्ब कोणत्या शहरावर, का व कोणाच्या निर्णयाने टाकावा, याची चर्चा त्यात नव्हतीच. 'कसे' याचे उत्तर देऊन 'का' आणि 'कोणी' हे प्रश्न बाहेर ठेवणे ही युद्धोत्तर तांत्रिक अहवालांची प्रकृती या पहिल्या अहवालातच ठरून गेली.

४

येथवर संग्राहकाच्या बाजूने बोलता येते. त्याच्याविरुद्धचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मांडण्यासाठी सॅम्युअल ग्लासस्टन यांच्या 'अण्वस्त्रांचे परिणाम' या विषयावरील ग्रंथाचे उदाहरण पुरेसे आहे. १९५० मध्ये त्याचे पहिले रूप निघाले. १९५७, १९६२ आणि १९७७ मध्ये सुधारलेली रूपे निघाली. शेवटच्या रूपाला फिलिप डोलन सहसंपादक होते. १९६२ च्या आवृत्तीच्या शेवटी एका खिशात प्लास्टिकची गोल चकती असे. एका वर्तुळावर स्फोटाची शक्ती आणि दुसऱ्यावर अंतर जुळवून ती फिरविली की हवेचा दाब, उष्णता आणि किरणोत्सर्ग यांचे आकडे मिळत. १९७७ च्या आवृत्तीबरोबरही अशी चकती होती. आज ही चकती शाबूत असलेली प्रत संग्राहकाला अधिक मोलाची वाटते. ही पसंती ग्रंथसंग्रहाच्या नियमानुसार निर्दोष आहे. पूर्ण प्रत ही अपूर्ण प्रतीपेक्षा चांगलीच.

वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ मधील आपल्या ग्रंथसंग्रहावरील निबंधात संग्राहकाचे जे चित्र काढले आहे, त्यात तो वस्तूला उपयुक्ततेच्या दास्यातून सोडवितो. वस्तू उपयोगाची राहत नाही तेव्हाच ती खऱ्या अर्थाने संग्राहकाच्या जगात येते. लहान मुलांच्या जुन्या पुस्तकांच्या बाबतीत ही मुक्ती सुंदर आहे. चकतीच्या बाबतीत ती काय ठरते? चकतीला उपयोगापासून तोडले की ती खेळणे होते. तिच्यावरचे अंतर हे कोणत्या तरी शहराच्या मध्यापासून कोणाच्या तरी घरापर्यंतचे अंतर आहे, हे विसरण्याची सोय तिच्या नेटक्या वर्तुळाकार रूपातच आहे. संग्रह ती सोय पूर्ण करतो. येथे उपयुक्ततेपासूनची मुक्ती ही अर्थापासूनचीही मुक्ती होण्याचा धोका आहे. बेन्यामिन यांनीच १९४० मध्ये इतिहासविषयक टिपणांत संस्कृतीचा प्रत्येक दस्तऐवज एकाच वेळी रानटीपणाचाही दस्तऐवज असतो, या आशयाचे विधान केले. तेथे त्यांच्यासमोर कलाकृती होत्या, आणि रानटीपणा त्यांच्या पोटात शोधावा लागत होता. ग्लासस्टन यांच्या ग्रंथात तो शोधावा लागत नाही. उलट तो आलेख, सूत्रे आणि अनुक्रमणिका यांत इतका सुसंस्कृत झाला आहे की संस्कृतीच शोधाची वस्तू व्हावी.

झाक देरिदा यांनी १९८४ मध्ये 'डायक्रिटिक्स' या नियतकालिकातील निबंधात अणुयुद्धाचा विचार संहितेच्या अंगाने केला. संपूर्ण अणुयुद्ध कधी घडलेले नाही. ते केवळ बोलण्यातून, आराखड्यांतून, अहवालांतून अस्तित्वात आहे, अशी त्यांची मांडणी आहे. असे युद्ध झालेच तर सर्व लिखित संचितच नष्ट होईल आणि या संचिताबाहेर ज्याला आधार नाही असे साहित्य सर्वप्रथम धोक्यात येईल, असे ते म्हणतात. या प्रतिपादनाने 'अणुसमीक्षा' नावाची एक लहानशी शाखा काही काळ चालली. तिच्या युक्तिवादातील चमक मान्य करूनही ग्लासस्टन यांचा ग्रंथ उघडला की एक अडचण उभी राहते. भावी युद्धाविषयीच्या या ग्रंथातील कितीतरी माहिती हिरोशिमा आणि नागासाकी येथील माणसांच्या शरीरांवरून घेतलेली आहे. किमोनोच्या गडद नक्षीप्रमाणे त्वचा भाजलेल्या एका व्यक्तीचे छायाचित्र त्यात आहे. गडद रंग उष्णता अधिक शोषून घेतो हे दाखविण्यासाठी ते तेथे आहे, आणि त्या कामापुरते ते चोख आहे. त्या व्यक्तीला नाव नाही. ही संहिता निर्देशशून्य नाही. तिच्या प्रत्येक आकड्यामागे एक 'हाल' आहे, आणि 'अहवाल' या शब्दातील अनेकवचनाचा अर्थ तेथे शब्दशः खरा ठरतो.

म्हणून आक्षेप असा मांडला पाहिजे. संग्राहक वस्तूवर प्रेम करतो; पण या वस्तू प्रेमाच्या नव्हेत, साक्षीच्या आहेत. साक्षीदाराला काचेच्या कपाटात ठेवणे हा त्याचा सन्मान नव्हे.

५

या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते राज्यसंस्थेच्या वर्तनातून मिळते. अहवाल एकदा खुला झाला की कायमचा खुला राहतो, ही समजूत टिकणारी नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकी सरकारच्या मुद्रणालयाने आपल्या वितरण व्यवस्थेतील ग्रंथालयांना सार्वजनिक जलस्रोतांविषयीच्या माहितीची एक तबकडी नष्ट करण्यास सांगितले. अशा ग्रंथालयांतील प्रकाशने सरकारच्याच मालकीची राहतात, त्यामुळे त्यांना ती नष्ट करणे भाग होते. २००६ च्या आरंभी असे उघड झाले की १९९९ पासून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या खुल्या फडताळांवरून पंचावन्न हजारांहून अधिक पाने पुन्हा गोपनीय ठरवून काढून घेतली गेली होती. मॅथ्यू एड या इतिहासकाराच्या हे लक्षात आले, कारण त्याने पूर्वी ज्यांच्या प्रती करून घेतल्या होत्या ती कागदपत्रे आता जागेवर नव्हती. त्यांपैकी काही तर सरकारच्याच ग्रंथमालेत छापून आलेली होती. मार्च २०१३ मध्ये 'नासा'ने आपल्या तांत्रिक अहवालांचे संगणकीय भांडार काही आठवड्यांसाठी बंद केले. नंतर ते पुन्हा सुरू झाले.

अभिलेख आणि सत्ता यांचा संबंध देरिदा यांनी १९९५ च्या पुस्तकात ग्रीक शब्दाच्या आधारे विशद केला आहे. ज्याच्या घरी कागद राहतात त्यालाच त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार मिळतो. जुन्या बाजारातील संग्राहक या व्यवस्थेत एक किरकोळ पण खरी फट निर्माण करतो. त्याच्या घरातील प्रत परत बोलावता येत नाही. ज्या राज्याने ती 'रद्द' म्हणून टाकली त्याला, ती रद्द करण्याचा अधिकारही तिच्यासोबत टाकून द्यावा लागला आहे. सरकारी मुद्रणालयाच्या इंग्रजी नावात २०१४ पासून 'मुद्रण' या शब्दाच्या जागी 'प्रकाशन' हा शब्द आला. कागदावरचा अहवाल जसजसा विरळ होत आहे तसतसा या फटीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होत आहे, कारण पडद्यावरच्या संहितेला जुनी प्रत नसते. ती बदलली की आधीची कोणाच्याच घरी राहत नाही.

परंतु हे समर्थन अमर्याद नाही. १९७९ मध्ये 'प्रोग्रेसिव्ह' या अमेरिकी मासिकाने हायड्रोजन बॉम्बविषयीचा एक लेख छापू नये म्हणून सरकारने न्यायालयात धाव घेतली. खटला चालू असताना उघडकीस आले की अशा बॉम्बच्या रचनेसंबंधीचे अहवाल चुकून गोपनीयतेतून मुक्त झाले होते आणि लॉस अलामॉसच्या ग्रंथालयात खुल्या फडताळावर उपलब्ध होते. सप्टेंबरमध्ये सरकारने दावा सोडून दिला आणि नोव्हेंबरच्या अंकात लेख छापून आला. अशा अहवालाची प्रत कोणा संग्राहकाच्या हाती लागली, तर 'जे टाकले गेले ते माझे' एवढे तत्त्व त्याला पुरेल काय? पुरणार नाही. येथे 'कसे' आणि 'का, कोणी' हा आधीचा भेद पुन्हा उपयोगी पडतो. शस्त्र कसे बनवावे हे जाणण्याचा नागरिकाचा हक्क वादग्रस्त आहे. ते का बनविले, कोणी वापरावयाचे ठरविले, धोक्याची सूचना कोणी दडपली, हे जाणण्याचा हक्क वादग्रस्त नाही. अडचण ही की राज्यसंस्था दुसरे झाकण्यासाठी वारंवार पहिल्याचा आडोसा घेते, आणि हौशी संग्राहक दुसऱ्याच्या नावाखाली पहिल्याच्याच थराराकडे ओढला जातो. दोघांनाही 'कसे' याचेच आकर्षण आहे.

६

जतन करणे पुरेसे नाही, याचा सर्वांत कठोर पुरावा दोन अहवालांनी मिळून दिला आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगाचा अहवाल त्याच वर्षी जूनमध्ये पाच खंडांत निघाला. इंधनकक्षाच्या सांध्यातील रबरी कड्यांची झीज आधीच्या उड्डाणांत दिसली होती, आदल्या रात्री कंत्राटदाराच्या अभियंत्यांनी थंडीत उड्डाण करण्यास विरोध केला होता, आणि तरी उड्डाण झाले, हे सर्व त्यात आहे. त्यातील सहाव्या प्रकरणाच्या शीर्षकाचा अर्थ 'इतिहासात रुजलेला अपघात' असा होतो. दुसऱ्या खंडात रिचर्ड फाइनमन यांची परिशिष्ट म्हणून जोडलेली वैयक्तिक निरीक्षणे आहेत. यान नष्ट होण्याची शक्यता अभियंते साधारण शंभरात एक मानीत होते, तर व्यवस्थापन लाखात एक, हा त्यांनी नोंदविलेला भेद प्रसिद्ध आहे. साहित्याच्या दृष्टीने लक्षणीय हे की पाच खंडांच्या सामूहिक भाषेत हे परिशिष्ट एका माणसाच्या आवाजात बोलते. कर्त्याला आसन मिळवून देण्यासाठी त्याला अहवालाच्या मुख्य देहाबाहेर जावे लागले.

१ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' परतीच्या वाटेवर नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता. असे तुकडे पूर्वीही सुटले होते, आणि प्रत्येक सुखरूप परतीनंतर ते 'नेहमीचे' होत गेले होते. समाजशास्त्रज्ञ डायअन वॉन यांनी १९९६ मध्ये 'चॅलेंजर'वरील ग्रंथात याच प्रक्रियेला विचलन सामान्य होत जाणे म्हटले होते. ऑगस्ट २००३ च्या चौकशी अहवालातील आठव्या प्रकरणाच्या शीर्षकाचा अर्थ 'कारण म्हणून इतिहास' असा होतो, आणि त्याचा विषयच दोन अपघातांतील साम्य हा आहे. १९८६ चा अहवाल कोठे हरवला नव्हता. तो छापलेला होता, ग्रंथालयांत होता, जुन्या बाजारात मिळत होता. ज्यांनी तो वाचून वागायचे त्यांच्या कृतीत तेवढा तो नव्हता.

हे दोन अहवाल संग्राहकाच्या फडताळावर शेजारी शेजारी येतात तेव्हा तेथे एक वाक्य तयार होते, जे दोहोंपैकी कोणत्याही एका अहवालाचा मुख्य देह स्वतः म्हणू शकत नाही. संग्रहाचे नैतिक मूल्य या शेजारात आहे. कार्यालयात प्रत्येक अहवाल आपापल्या प्रसंगापुरता असतो. त्याच्या शिफारशी 'स्वीकारण्यात येतात' आणि प्रकरण बंद होते. संग्राहक प्रकरण बंद होऊ देत नाही. परंतु हे तो केवळ ठेवण्याने करीत नाही, जुळवून वाचण्याने करतो. क्रमांकांची मालिका पूर्ण करणाऱ्याच्या घरी हे दोन्ही अहवाल असू शकतात आणि तरी ते वाक्य तयार होणार नाही. ग्लासस्टन यांच्या चकतीविषयीचा आक्षेप त्याच्यावर कायम राहतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न दूरदेशीचा वाटण्याचे कारण नाही. १९६२ च्या पराभवानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ मध्ये दिलेला अहवाल सरकारने दडवून ठेवला. त्याचा काही भाग २०१४ मध्ये जगासमोर आला तो नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने स्वतःजवळची प्रत खुली केल्यामुळे. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला आणि पुस्तकरूपाने विक्रीसही आला, मात्र काही मजकूर वगळून. या दोहोंमधले अंतर मोठे आहे. दुसऱ्या अहवालात काय गाळले हे निदान विचारता तरी येते. पहिल्याच्या बाबतीत प्रश्न विचारायलाही कोणाच्या तरी खासगी प्रतीवर अवलंबून राहावे लागले. अहवाल रद्दीत येणे हा त्याचा अपमान समजला जातो. पण रद्दीत यायला आधी तो बाहेर यावा लागतो. ज्या राज्याचे अहवाल रस्त्यावर विकले जातात, ते आपल्या नागरिकांना निदान एवढी कबुली देते की हा कागद तुमच्या हाती पडू शकतो.

मूळ प्रश्नाचे उत्तर त्यामुळे होकारार्थी वा नकारार्थी एका शब्दात देता येत नाही. या संग्रहात तटस्थता शक्य नाही, एवढे निश्चित. ज्या संहितेने कर्त्याला वाक्याबाहेर ठेवले, तिचा संग्राहक एक तर त्या वगळण्याला आपल्या कपाटाची शोभा देतो, किंवा वाचता वाचता प्रत्येक 'ठरविण्यात आले'पुढे 'कोणी?' असे लिहितो. समासातील अशी नोंद ग्रंथबाजारात प्रतीची किंमत कमी करते. ती प्रत पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला मात्र अहवालाबरोबर एक वाचकही मिळतो.